मोकळ्या प्लॉटवरील भुईरिंगणी : ओळख, काढा आणि दातांची धुरी

जाईजुई, वारजे

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून एक मोकळा प्लॉट आहे. पाऊस सरल्यापासून तेथे जमिनीला चिकटून पसरणारी एक काटेरी वनस्पती जागोजागी वाढली असून तिच्या पानांच्या शिरांवरदेखील काटे आहेत. सध्या तिला जांभळी फुले आणि हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची, लहानशा वांग्यासारखी गोल फळे लागलेली आहेत. शेजारच्या आजींनी ती पाहताक्षणी भुईरिंगणी म्हणून ओळखली. त्यांच्या माहेरी, जुन्नरकडे, थंडीतल्या खोकल्यावर हिचा काढा देत असत आणि दाढ ठणकू लागली की निखाऱ्यावर टाकलेल्या हिच्या बियांची धुरी तोंडात घेत असत आणि तिने दातातील किडे पाण्याच्या वाटीत पडत, असे त्या सांगतात.

माझ्या सासऱ्यांना हिवाळ्यात कफाचा खोकला होतो आणि तो लवकर हटत नाही. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असून त्यांची औषधे नियमित चालू आहेत. पुढील आठवड्यात जेसीबी लावून प्लॉट साफ करण्याचे ठरले आहे, म्हणून त्याआधी काही झुडपे काढून वाळवून ठेवावीत असा विचार मनात आला. मात्र ही वनस्पती नक्की रिंगणीच आहे याची खात्री कशी करावी, तिचा कोणता भाग वापरतात, सासऱ्यांसारख्या माणसाला ती द्यावी का आणि धुरीत कितपत तथ्य आहे, हे जाणकारांनी सांगावे. प्लॉटवर मुले खेळतात आणि ही फळे पिकली की पिवळीधमक दिसतात, त्यामुळे त्यांपासून काही धोका आहे का, हेही कळले तर बरे होईल.


पर्णकुटी, औंध

आपण केलेले वर्णन भुईरिंगणीशी चांगले जुळते. मी अनेक वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले आहे, तरीही निव्वळ वर्णनावरून औषधी वनस्पतीची खात्री देणे मला योग्य वाटत नाही, म्हणून कोणत्या खुणा स्वतः तपासाव्यात ते सांगतो.

रिंगणी वांगे, बटाटा, टोमॅटो, मिरची आणि धोतरा यांच्याच कुळातील आहे. तिचे आजचे शास्त्रीय नाव सोलॅनम व्हर्जिनिॲनम असे असले, तरी जुन्या पुस्तकांत आणि औषधांच्या वेष्टनांवर सोलॅनम झँथोकार्पम किंवा सोलॅनम सुरत्तेन्स ही नावे आढळतात. ती सर्व एकाच वनस्पतीची समजावीत. रोप उभे वाढत नाही, तर बुडख्यापासून नागमोडी फांद्या चहूकडे भुईवर पसरतात. काटे सरळ, पिवळसर आणि चकचकीत असून एक-दीड सेंटिमीटरपर्यंत लांब असतात, आणि फांदीप्रमाणेच देठावर, पानाच्या मधल्या शिरेवर व फळाला धरून असलेल्या हिरव्या पाकळीवरही असतात. फुलाच्या पाच जांभळ्या पाकळ्या बुडाशी जोडलेल्या असतात आणि मधोमध पाच जाड पिवळे पुंकेसर एकमेकांना टेकून उभे असतात. भिंग असेल तर या पुंकेसरांचे टोक जरूर पाहा. तेथे बारीक छिद्र दिसेल. परागकण त्या छिद्रातूनच बाहेर पडतात आणि त्यासाठी फुलावर बसलेला भुंगा सगळे अंग थरथरवून ते झाडून घेतो. सकाळच्या वेळी प्लॉटवर उभे राहिलात तर तो विशिष्ट गुणगुणाट ऐकूही येईल. फळ दीड-दोन सेंटिमीटर व्यासाचे असते आणि पिकल्यावर त्याच्यावरील पट्टे जाऊन ते पिवळे होते.

घोटाळा मुख्यतः दोन वनस्पतींशी होतो. पहिली डोरली. ती रिंगणीची सख्खी बहीण म्हणावी इतकी जवळची आहे, पण ती झुडपासारखी उभी वाढते, तिचे काटे बरेचदा वाकडे असतात आणि तिची फळे वाटाण्याएवढी, घोसाने लागणारी व पिकल्यावर नारिंगी होणारी असतात. डोरलीही औषधी असल्याने हा घोटाळा तितकासा गंभीर नाही. दुसरी आहे पिवळा धोतरा, आणि तेथे मात्र चूक परवडणारी नाही. त्याची पानेही काटेरी आणि पांढऱ्या शिरांची असतात, तोही अशाच पडीक जागेत उगवतो, परंतु तो खसखशीच्या कुळातील असून त्याची फुले पिवळी असतात आणि देठ मोडला की पिवळा चीक निघतो. त्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्यामुळे 1998 मध्ये दिल्लीत अंगावर सूज येण्याची घातक साथ आली होती. फुले नसताना गोळा केलेल्या काटेरी पाल्यात पिवळा धोतरा मिसळला जाण्याची शक्यता असते, म्हणून फुला-फळांवर असलेले रोपच घ्यावे.

तरीही शंका राहिली तर फुले व फळे असलेली एक फांदी वर्तमानपत्रात दाबून आघारकर संशोधन संस्थेत किंवा कोरेगाव रस्त्यावरील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवावी. दोन्ही ठिकाणी वनस्पतिसंग्रह आहेत आणि नमुना ताडून पाहता येतो. पुण्यात राहून या सोयीचा लाभ न घेणे योग्य नव्हे.


वैद्य, रास्ता पेठ

प्रथम आपल्या सासऱ्यांविषयी लिहितो, कारण वनस्पतीपेक्षा ते महत्त्वाचे. खोकला दोन आठवडे वा त्याहून अधिक टिकला, तर कोणताही काढा देण्याआधी थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयरोगासाठीची ही तपासणी महापालिकेच्या दवाखान्यात विनामूल्य होते. मधुमेह असलेल्यांना क्षयाचा धोका अधिक असतो, हे आपल्या घराच्या बाबतीत विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. दुसरे असे, की रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्यांमुळे काही रुग्णांना चिवट कोरडा खोकला लागतो. सासऱ्यांचा खोकला कफाचा आहे असे आपण म्हणता, तरी त्यांच्या गोळीचे नाव डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे. गोळीमुळे खोकला होत असेल तर रिंगणीने तो थांबणार नाही आणि आपण उगाच महिनाभर काढा उकळत बसाल.

आता रिंगणीविषयी. आयुर्वेदात तिला कंटकारी, व्याघ्री, निदिग्धिका अशी नावे आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात औषधांचे पन्नास गण दिले आहेत आणि त्यांपैकी कासहर, हिक्कानिग्रहण आणि कंठ्य या तिन्ही गणांत कंटकारी येते, म्हणजे खोकला, उचकी आणि घसा या तिन्हींसाठी तिची योजना केलेली आहे. श्वासहर गणात तिचे नाव नाही, पण पुढील काळातील ग्रंथांत दम्याच्या अनेक योगांत ती आहे आणि आम्ही ती वापरतो. दशमुळांमध्येही सालवण, पिठवण, डोरली आणि गोखरू यांच्यासोबत ती लघुपंचमुळात मोडते. रसाने कडू व तिखट, गुणाने हलकी व रूक्ष आणि वीर्याने, म्हणजे शरीरावरील परिणामाने, उष्ण, असे तिचे स्वरूप आहे. त्यामुळे छातीत साठलेला, चिकट, सुटत नसलेला कफ असेल तेथे ती चांगले काम करते. याउलट घशात आग होत असेल, खोकला कोरडा असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर ती घरच्या घरी मुळीच देऊ नये.

खोकल्यासाठी साधारणतः पंचांग वापरतात, म्हणजे मूळ, खोड, पान, फूल आणि फळ सर्व एकत्र. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात काढ्यासाठी दिवसाला 20 ते 30 ग्रॅम भरड असे प्रमाण दिलेले आहे, परंतु प्रथमच घेणाऱ्या प्रौढ व्यक्तीस मी 10 ग्रॅमपासून सुरुवात करण्यास सांगतो. 10 ग्रॅम भरड 160 मिलिलिटर पाण्यात घालून, भांड्यावर झाकण न ठेवता मंद आचेवर 40 मिलिलिटर उरेपर्यंत आटवावी. काढा दुहेरी सुती कापडातूनच गाळावा. चहाच्या गाळणीतून काट्यांची बारीक टोके खाली उतरतात आणि ती घशाला टोचतात. कोमट असताना त्यात चिमूटभर पिंपळीचे चूर्ण घालून तो सकाळी नाश्त्यानंतर घ्यावा. रिंगणीचा काढा आणि पिंपळी ही जोडी खोकल्यासाठी ग्रंथांतच सांगितलेली आहे आणि अनुभवही तसाच आहे. काढा रोज ताजा करावा. सकाळचा उरलेला काढा फ्रिजमध्ये ठेवून रात्री देण्याची सवय बऱ्याच घरांत असते, ती टाळावी. पाच-सहा दिवसांत कफ सुटू लागला नाही किंवा ताप, धाप, छातीत दुखणे यांपैकी काही उद्भवले, तर काढा थांबवून वैद्याला अथवा डॉक्टरांना दाखवावे.

मधुमेहामुळे काढ्यात गूळ वा मध घालू नये. बाजारात मिळणारा कंटकारी अवलेह सासऱ्यांसाठी योग्य नाही, कारण त्यात साखर भरपूर असते. काढा चालू असताना रक्तातील साखर एरवीपेक्षा अधिक वेळा तपासत राहावी आणि आपण काढा देत आहोत हे त्यांच्या डॉक्टरांपासून लपवू नये. गर्भवती स्त्रियांना आणि लहान मुलांना रिंगणी वैद्याच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. ज्यांचा दम्याचा पंप चालू आहे त्यांनी तो कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये. रिंगणीवर दम्याच्या रुग्णांत लहान प्रमाणावर अभ्यास झालेले आहेत, परंतु पंप सोडून काढ्यावर विसंबावे असे त्यांवरून मुळीच म्हणता येत नाही, आणि एक वैद्य म्हणून मला हे स्पष्टपणे लिहावेसे वाटते.

फळांविषयी आपण विचारले ते योग्यच केले. फळांत सोलासोनीन, सोलामार्जीन यांसारखी द्रव्ये असतात. हिरव्या पडलेल्या बटाट्यात जे सोलानीन असते, त्याच्या जातीची ही द्रव्ये आहेत. फळ अतिशय कडू असल्याने मूल सहसा एका घासातच थुंकून टाकते, तरी दोन-चार फळे पोटात गेल्यास मळमळ, उलट्या, जुलाब होऊ शकतात. असे झाले तर घरी मीठ-पाणी पाजून उलटी करवण्याच्या फंदात पडू नये. तोंड धुवावे, उरलेले फळ सोबत घ्यावे आणि रुग्णालय गाठावे. मूल सुस्त दिसत असेल तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.


दंतवैद्य, कोथरूड

धुरीच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण माझ्याकडे आजही असे रुग्ण येतात, ज्यांनी गावी जाऊन धुरी घेतलेली असते आणि वाटीतल्या पाण्यात पडलेले किडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असतात. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. त्या वाटीत काहीतरी पडलेले असतेच, पण ते दातातून आलेले नसते.

रिंगणीच्या कुळातील खुरासानी ओव्याच्या बियांची अशीच धुरी युरोपातही शतकानुशतके घेतली जात होती. या कुळातील बीमध्ये असलेला अंकुर बारीक आणि वळलेला असतो. निखाऱ्यावर पडलेली बी तडकली की तो पांढुरका अंकुर बाहेर फेकला जातो आणि पाण्यावर तरंगताना हुबेहूब अळीसारखा दिसतो. दात किडण्यामागे अळी असते ही समजूत फ्रेंच दंतवैद्य पियेर फोशार यांनी 1728 मध्येच नाकारली होती. तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात झिजतो, हे पुढे सिद्ध झाले. त्यांपैकी स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा प्रमुख जिवाणू 1924 मध्ये ओळखला गेला.

मग धुरीनंतर ठणका थांबतो तो कसा, हा प्रश्न रुग्ण नेहमी विचारतात आणि तो रास्त आहे. कीड दाताच्या आतल्या नसेला पोहोचली की दाढ असह्य ठणकते आणि माणूस धुरी घ्यायला धावतो तो नेमका याच वेळी. त्यानंतर काही दिवसांत ती नस मरते आणि ठणका आपोआप शमतो. श्रेय धुरीला मिळते, संसर्ग मात्र मुळाच्या टोकाशी शांतपणे वाढत राहतो आणि काही महिन्यांनी गाल सुजल्यावर रुग्ण आमच्याकडे येतो. तोवर वेळेवर रूट कॅनाल (दाताच्या मुळातील नस काढण्याचा उपचार) केला असता तर वाचली असती अशी दाढ काढावी लागते. मधुमेही रुग्णात हा संसर्ग जबड्यातून गळ्याकडे वेगाने पसरू शकतो. शिवाय गरम धुराने टाळू आणि ओठ भाजलेले रुग्णही मी तपासले आहेत. म्हणून आपल्या सासऱ्यांची दाढ दुखली तर कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरून त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. आजींच्या बोलण्याचा अनादर न करता त्यांनाही एकदा बी तव्यावर तडकवून दाखवावी, असे सुचवतो. दात जवळपास नसताना तेच किडे पडलेले पाहिले की वादाची गरज उरत नाही. मात्र हे करताना खिडकी उघडी ठेवावी आणि तो धूर हुंगू नये.


सासवडकर

आमच्या बांधावर रिंगणी आपोआप उगवते आणि काष्ठौषधींच्या व्यापाऱ्याला आम्ही दरवर्षी थोडी देतो, त्यामुळे गोळा करण्याविषयी थोडे सांगू शकतो.

पहिली गोष्ट म्हणजे, ताई, तुमच्या प्लॉटवरची रिंगणी औषधासाठी घेऊ नका. शहरातील मोकळ्या प्लॉटवर बांधकामाचा राडारोडा, जुने रंगाचे डबे, गाड्यांचे तेल आणि सांडपाणी यांपैकी काही ना काही मुरलेले असते. तणनाशक फवारले असेल तर ते वरून दिसतही नाही. वनस्पती तीच असली तरी ज्या मातीत ती वाढली ती माती औषधाच्या लायकीची असली पाहिजे. टेकड्यांवरूनही उपटून आणू नये. तळजाई परिसराचा बराच भाग वनखात्याच्या ताब्यात आहे आणि तेथून वनस्पती काढायला परवानगी नाही. ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक रानातून किंवा बांधावरून आणलेली सर्वांत उत्तम.

काढणी फुले आणि फळे दोन्ही असताना, दव उडून गेल्यावर करावी. आदल्या दिवशी जमीन भिजवून ठेवली तर मूळ न तुटता येते, कारण ते सरळ खोल जाते आणि मुरमात घट्ट धरते. हातमोज्यांचा फारसा उपयोग होत नाही, काटे कापडातून सहज आरपार जातात. आम्ही एका हातातल्या लाकडी चिमट्याने बुडखा धरतो आणि खुरप्याने भोवतालची माती मोकळी करतो, मग झाड उलटे करून गोणपाटावर ठेवतो. मूळ धुऊन माती काढावी, मग कोयत्याने बोटभर लांबीचे तुकडे करावेत आणि फळे मधोमध चिरावीत. अख्खे फळ वरून सुकलेले दिसते पण आत ओले राहते, आणि त्या एका फळाने सगळ्या पोत्याला बुरशी लागते. सावलीत, हवेशीर जागी पातळ पसरून दिवसातून एकदा दाताळ्याने परतावे. काडी वाकवताच कटकन मोडली की माल वाळला असे समजावे. मग उखळात कुटून जाडसर भरड करावी आणि कोरड्या बरणीत ठेवावी. वर्षभरापेक्षा जुनी भरड आम्ही घरात वापरत नाही.

प्रत्येक ठिकाणची सगळी झाडे उपटू नयेत, हेही सांगतो. पंचांगासाठी मुळासकट काढले की ते झाड संपते, त्यामुळे पिवळी फळे लागलेली दोन-तीन झाडे बियांसाठी आम्ही मुद्दाम राखतो.


जाईजुई, वारजे

सर्वांचे मनापासून आभार. सासऱ्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी काढून पाहिली, तिच्यात रामिप्रिलच आहे. त्यामुळे उद्या प्रथम डॉक्टरांकडे जाऊन हेच विचारणार आहोत आणि थुंकीची तपासणीही करून घेणार आहोत. प्लॉटवरची झुडपे औषधासाठी घेण्याचा विचार सोडला आहे. जेसीबी येण्याआधी फक्त पिकलेली फळे बियांसाठी काढून ठेवावीत असे वाटते. गच्चीवर स्वच्छ मातीत रिंगणी लावता येईल का? आणि तोवर लागली तर तयार भरड रविवार पेठेतून आणावी का?


पर्णकुटी, औंध

बियांसाठी फळे अवश्य घ्यावीत. मातीतील दोष पुढच्या पिढीच्या रोपात बियांवाटे येण्याची काळजी नको. पूर्ण पिवळे फळ चिमट्याने धरून कापावे, गर पाण्यात कुस्करावा, तळाशी बसलेल्या चपट्या बिया सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवाव्यात आणि त्यावर नाव व तारीख लिहावी, कारण वांग्याच्या आणि रिंगणीच्या बिया शेजारी ठेवल्या तर ओळखणे कठीण जाते. पावसाळ्याच्या तोंडाला ट्रेमध्ये पेरून पाच-सहा पानांचे रोप झाले की कुंडीत लावावे. कुंडी किमान दीड फूट खोल आणि पसरट असावी, तळाशी निचऱ्याची भोके मोठी असावीत आणि मातीत वाळू किंवा बारीक मुरूम निम्म्याने मिसळावा. पाणी जपून घालावे. रिंगणीला कोरडेपणा सोसतो, साचलेले पाणी सोसत नाही. गच्चीवर वांगी-टोमॅटो असतील तर ही कुंडी त्यांच्यापासून दूर ठेवावी, कारण पानांची चाळण करणारा ठिपक्यांचा भुंगा या तिन्हींवर सारखाच येतो. मुले गच्चीवर येत असतील तर कुंडी कठड्याच्या आत उंचावर ठेवावी आणि फळे पिवळी होताच काढून घ्यावीत.

तयार भरडीविषयी वैद्यांनी सांगावे.


वैद्य, रास्ता पेठ

रविवार पेठेत रिंगणी पंचांग मिळते, पण भरड न घेता तुकडे मागावेत. तुकड्यांत काटेरी खोड, चिरलेले फळ आणि चपट्या पिवळसर बिया डोळ्यांनी ओळखता येतात. एकदा कुटल्यावर त्यात काय आहे हे आपल्याला कळणार नाही. नुसत्या काड्याच दिसल्या, फळाचा एकही तुकडा दिसला नाही किंवा कुबट वास आला तर घेऊ नये. आणि रामिप्रिलविषयी डॉक्टर काय म्हणतात ते कळेपर्यंत काढा सुरू करू नये. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. त्यांनी ती बदलून दिली, तरी खोकला पूर्ण जायला काही आठवडे लागू शकतात, तेवढा अवधी द्यावा. त्यानंतरही कफ राहिला तर सासऱ्यांना घेऊन एखाद्या वैद्याकडे जा, नाडी आणि छाती तपासून प्रमाण ठरवता येईल.